साहेबाचा मुक्काम आणि मायाक्काचं वाघरू

सरकार, पाटीवर तुम्ही खोटं लिहिलंय. कोंडगीच्या राखीव कुरणाच्या तोंडाशी तुमची पत्र्याची पाटी उभी आहे. तिच्यावर बजावलंय, की या रानात कुणी माणसानं मुक्काम करायचा नाही, जाळ पेटवायचा नाही, जनावर घालायचं नाही. घातलं तर दंड. का, तर रान राखायचंय, गवत राखायचंय, काळवीट आणि माळढोक राखायचेत. ऐकायला लई गोड. पण दर नाताळात याच पाटीला वळसा घालून बैलगाड्यांची रांग आत शिरते. गाड्यांत तंबू, खाटा, आंघोळीचा पत्र्याचा टब, कोंबड्यांची खुराडी, बाटल्यांच्या पेट्या आणि बंदुका. मुक्काम होतो, जाळ होतो, घोडी गवतात चरतात. जे राखलंय म्हणता तेच मारून तंबूच्या दोरीला उलटं टांगता. मग पाटी कुणासाठी? मेंढरांना वाचता येत नाही, तरी गावात तिचा अर्थ सगळ्यांत आधी त्यांनाच कळला.

त्या मेंढरांची धनीण मायाक्का. जातीची धनगर, चाळिशीची, अंगानं काटक, तोंडानं त्याहून. तिचा नवरा बिरदेव मोठा कळप घेऊन बार्शीकडं गेलेला. गाभण मेंढ्या, लंगडं-लुळं आणि म्हातारा सासरा हरिबा एवढं मायाक्काच्या वाट्याला. कुरणाच्या कडेला ओढ्यात एक डोह आहे. पौषात सगळीकडचं पाणी आटतं, पण हा डोह आटत नाही. गावच्या आणि धनगरांच्या जनावरांनी तिथं पाणी प्यायचं, हा रिवाज पाटीच्या आधीपासूनचा. सरकारनंही तेवढी एक वाट मोकळी सोडली होती.

पण गोऱ्या साहेबाचा मुक्काम डोहावर पडला की ती वाट बंद. मडमेला मेंढरांचा वास सोसत नाही म्हणून पट्टेवाला दांडकं घेऊन उभा. मागल्या साली असंच झालं. मायाक्कानं गाभण मेंढ्या उन्हातान्हातून लांब नदीला हाकल्या. काही मेंढ्या वाटेतच अवेळी व्याल्या. मेलेली कोकरं तिनं पदरात घालून आणली आणि मेंढवाड्यामागं पुरली. त्या साली तिनं ठरवलं, की पुढल्या नाताळात साहेबानं वाटेल तिथं झोपावं, माझ्या डोहावर झोपायचं नाही.

साहेब कुठं झोपणार हे साहेब ठरवत नसे. आधी कारकून येऊन जागा बघून जाई. हे कारकून अंबादासराव कंदलगावकर. सोलापूरच्या कचेरीतले, डोक्याला रुमाल, पायात मोजे, आणि बुडाखाली मामलेदाराचं मागून आणलेलं तट्टू. जागा निवडणं म्हणजे त्यांच्या नोकरीची परीक्षा. सकाळी ऊन हवं, दुपारी सावली हवी. पाणी जवळ हवं पण डास नकोत. गाव इतकं जवळ हवं की दूध-कोंबड्या वेळेवर येतील, आणि इतकं लांब हवं की गाव येणार नाही.

त्या साली अंबादासराव आले तेव्हा बरोबर गावचे पाटील होते, शिवलिंगप्पा. भस्माचे पट्टे ओढलेलं रुंद कपाळ, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि दोन्हींत गोड. आधी त्यांनी स्वतःची आमराई दाखवली, कारण न दाखवून चालणार नव्हतं.

"झाडं झकास आहेत, पाटील," अंबादासराव म्हणाले. "विहीरही आहे. इथंच टाकू तंबू."

"टाका की. आपलीच हाय," पाटील म्हणाले. "फकस्त शेजारी मसणवटा हाय. रात्री जरा वास येतोय. एन माडूदु, काय करायचं, मेलेल्या माणसाला हाल म्हणता येत न्हाय."

मसणवटा गावाच्या दुसऱ्या अंगाला होता. पाटलानं तो त्या सकाळपुरता हलवला. खरं कारण वेगळं होतं. पाटलाचं घर लिंगायताचं. घरात अंड्याचं नाव निघत नाही. त्यांच्या विहिरीवर खानसाम्यानं कोंबड्या सोलायच्या, हे त्यांना सोसणारं नव्हतं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. चूक ही, की आपल्याला न सोसणारं त्यांनी हसत हसत दुसऱ्याच्या दारात लोटलं.

"त्यापेक्षा डोह बगा, रावसाहेब," ते म्हणाले. "लई निवांत. मागच्या साली साहेब खूश हुता. तिथं कोण हाय, धनगरच की."

दोघं डोहावर आले तेव्हा मायाक्का मेंढरांना पाणी पाजत होती. पाटलांच्या मसणवट्याची बातमी त्यांच्याआधीच तिथं पोचली होती. हरिबा दगडावर घोंगडी पांघरून बसला होता. अंबादासराव तट्टावरून न उतरता म्हणाले, "बाई, इथं काही त्रास वगैरे? साप, डास?"

"कसला तरास, रावसाहेब," मायाक्का म्हणाली. "सोन्यासारखी जागा हाय. साप न्हाय, डास न्हाय. वाघरू तेवढं येतंय पाण्याला, ते बी दिस कलल्यावर. कुणाला काय करत न्हाय बिचारं. मेंढरू न्हेतंय आन् जातंय."

तट्टाचे कान हलले नाहीत, पण अंबादासरावांचे हलले. "वाघ?"

"बिबळ्या म्हणत्यात तुमच्यात," हरिबा दगडावरून म्हणाला. सुनेनं लबाडी सुरू केली की म्हाताऱ्याला तरतरी येई. "काल आलं हुतं. ह्या तुमच्या घोड्याएवढं हाय."

"मामा, येवढं न्हाय," मायाक्का म्हणाली. जास्त झालं की कुणी विश्वास ठेवत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"मग शेपूट सोडून घोड्याएवढं," हरिबा म्हणाला.

मायाक्कानं चिखलातला एक ठसा दाखवला. ठसा तिच्याच कुत्र्याचा होता. पहाटे मुठीनं दाबून आणि बोटानं कोरून तिनं तो मोठा केला होता. करताना इतकी रंगून गेली की एक बोट जास्तीचं झालं होतं, पण अंबादासराव बोटं मोजायला थांबले नाहीत. त्यांनी तट्टू वळवलं आणि पाटलाला न विचारता गावाची वाट धरली. पाटील मागं राहिले. त्यांचं तोंड उतरलं होतं. डोह बाद झाला म्हणजे तंबू आमराईत.

"मायाक्का, हितं वाघरू कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"मसणवटा आमराईत आला तवापासनं, पाटील."

पाटील तोंड फिरवून गावाकडं निघाले. सासरा-सून मात्र त्या दिवशी भाकरी खाताना मध्येच थांबून हसत होते.

ते हसू चारच दिवस टिकलं. पाचव्या दिवशी गाड्या आल्या आणि सरळ डोहावर जाऊन उभ्या राहिल्या. खुंट्या ठोकल्या जाऊ लागल्या. मायाक्का धावत गेली, तर अंबादासराव एका पेटीवर बसून घाम पुसत होते.

"रावसाहेब, हितं वाघरू हाय म्हणून सांगितलं न्हवं का तुमाला?"

"सांगितलंस, बाई. आणि मी ते मूर्खासारखं साहेबांना सांगितलं," अंबादासराव म्हणाले. "जागा नको म्हणण्याचं कारण म्हणून सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले. माझ्या पाठीवर थाप मारली. बारा वर्षांच्या नोकरीत पहिली. बिबळ्या मारायला दोन पाहुणे आणलेत सोबत. तुझ्या वाघानं तुझ्याच दारात तंबू आणले, मी काय करू?"

"आन् तुमी पाटलास्नी इचारलं न्हाय? त्यास्नी म्हायती हाय हितं काय हाय आन् काय न्हाय."

"विचारलं की, साहेबांनीच विचारलं. पाटील म्हणाले, दोनदा डोळ्यांनी पाहिलाय. डाव्या खांद्यावर पांढरा डाग आहे म्हणाले."

मायाक्काला हसावं की रडावं कळेना. तिनं वाघरू नुसतं सोडलं होतं. पाटलानं त्याला डाग पाडून आपल्या आमराईबाहेर राखणीला बसवलं होतं.

"आणखी एक," अंबादासराव तिच्याकडं न बघता म्हणाले. "आमिषाला कोकरू लागेल. रोज एक. तुझं जवळ आहे."

पाण्याची वाट त्याच दिवशी बंद झाली. पट्टेवाला दांडकं घेऊन उभा राहिला. पहिलं कोकरू शिकाऱ्यांच्या मचाणाखाली बांधलं गेलं. वाघरू नव्हतंच, त्यामुळं ते सकाळी जिवंत परत आलं, पण ओरडून ओरडून घसा बसलेला आणि आईला तोंड लावीना. दुसऱ्या दिवशी दुसरं नेलं. मेंढ्या पुन्हा नदीच्या वाटेला लागल्या. एक वाटेतच व्याली. कोकरू धुळीत पडलं ते उठलंच नाही. आई त्याला चाटत उभी राहिली आणि सगळा कळप तिच्यासाठी उन्हात थांबला.

"मामा, चुकलं आपलं," त्या दिवशी मायाक्का म्हणाली.

"चुकलं," हरिबा म्हणाला. "मेंढरं राखणाराला वाघरू म्हटलं की पळावंसं वाटतं. आपल्याला वाटलं, साहेबाला बी वाटंल. साहेबाला मेंढरं कुटं हायती?"

"आता वाघरू न्हाय म्हणून सांगू?"

"सांग की. खोटं बोलली म्हणून आत घालतील, आन् पाटील डाग दाखवंल." म्हाताऱ्यानं पान जुळवलं. "वाघरू न्हाय म्हणायचं न्हाय, पोरी. वाघरू हललं म्हणायचं. मसणवटा हलतोय, तर वाघरू का हलू न्हये?"

 मायाक्का उठली, पदर खोचला आणि पाटलाच्या घराकडं निघाली.

आता इथं एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडं रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप एका रानात बसला की लेंडी आणि मूत पडून ते रान वर्षभर पिकतं. म्हणून शेतकरी धनगराला धान्य देऊन बोलावतो. शिवलिंगप्पा पाटलांना आमराईत मेंढरं बसवायची फार हौस, धान्य द्यायची मात्र नव्हती. आपण गावचे पाटील, धनगरानं आपल्याला हे नजराणा म्हणून द्यावं, असं त्यांचं म्हणणं. बिरदेवानं ते कधी ऐकलं नव्हतं.

पाटील ओसरीवर होते. त्यांच्या मंडळी, गुरम्मा, जोंधळा निवडत बसल्या होत्या.

"पाटील, डोहावर आमाला ठाव न्हाय राहिला," मायाक्का म्हणाली. "मेंढरं कुटं बसवू? आमराईत बसवू का? धान्य नको. नुसता निवारा द्या, आन् तुमच्या हिरीवर दोन घोट पाणी."

पाटलांनी डोळे बारीक केले. "एनव्वा, काय गं, आज एवढी उदार?"

"उदार कसली. अडली हाय."

"अडली हाय म्हणत्येय तर घ्या की," गुरम्मा जोंधळ्यातून मान वर न करता म्हणाल्या. "दर साली खत खत म्हणून जीव खाताय."

"घेतो की. न्हाय कोण म्हणालं?" पाटील म्हणाले. "पर बिरदेवाला माघारी आल्यावर सांग, मी मागितलं न्हाय. तू दिलंस."

"सांगते की. सगळ्या गावाला सांगते."

मेंढरं आमराईत बसली. पाटलांच्या विहिरीवर पोटभर पाणी प्याली. पाटील सकाळी येऊन झाडाखालच्या लेंड्या काठीनं पसरून बघायचे आणि खूश होऊन जायचे. एका पहाटे एक मेंढी व्याली. कोकरू ठणठणीत होतं. मायाक्कानं त्याला पुसून आईपाशी ठेवलं, आणि मग गवतावर पडलेलं रक्त, मेंढीची पडलेली वार आणि ओली माती बघत उभी राहिली. उजाडायला थोडा वेळ होता. तिनं हरिबाला हलवलं.

"मामा, वाघरू आलं."

"कुटं?" म्हातारा अंग झाडत म्हणाला. "बरं झालं. किती दिस वाट बघायची."

मग दोघांनी झटपट काम केलं. वार आणि रक्त माखलेलं गवत आंब्याखालून ओढत पाटलांच्या कडब्याच्या गंजीपर्यंत नेलं. वाटेत ठिकठिकाणी लोकरीचे झुपके टाकले. मेंढी आणि कोकरू हरिबानं ओढ्याच्या आडानं मायाक्काच्या बहिणीच्या, बनाबाईच्या वाड्यावर पोचवलं. ठसे मायाक्कानं केले. या खेपेला बोटं बरोबर केली. आणि ऊन आमराईत शिरलं तसं तिनं जे तोंड उघडलं, ते डोहावर चहा पीत बसलेल्या साहेबानं कप ठेवेपर्यंत मिटलं नाही.

साहेब बंदूक घेऊन आला, पाहुणे आले, मागं अंबादासराव आणि सगळं गाव. साहेबानं रक्त बघितलं, बोट लावून बघितलं, गंजीपर्यंत चालत गेला. त्याच्या तोंडावर मुलाला खेळणं मिळाल्यासारखा आनंद होता. तो अंबादासरावांशी काही बोलला. अंबादासराव पाटलांकडं वळले.

"साहेब विचारतात, पाटील, तुम्ही पाहिलेला तो हाच का?"

पाटलांनी मायाक्काकडं बघितलं. मायाक्का पदर तोंडाला लावून खाली बघत होती. पाटलांना सगळं कळलं. पण त्यांच्या तोंडातलं वाघरू त्यांना ना गिळता येई, ना थुंकता. नाही म्हणावं, तर साहेबासमोर दिलेली साक्ष खोटी. हो म्हणावं, तर आमराई गेली.

"त्यो डोहाकडचा हाय, सरकार," ते चाचरत म्हणाले. "हितं चुकून आला असंल. परत तिकडंच जाईल."

"पाटील, त्येच्या खांद्यावर डाग हुता न्हवं?" मायाक्का हुंदका देत म्हणाली. "पांढरा. म्या बघितला. डावा खांदा."

गाव कुजबुजलं. अंबादासरावांनी साहेबाला सांगितलं. साहेबानं पाटलांच्या पाठीवर थाप मारली आणि दुपारपर्यंत डोहावरचे तंबू आमराईत उभे राहिले.

पुढचं गावानं डोळे भरून बघितलं. ज्या कलमी आंब्याला पाटील स्वतःच्या नातवाला हात लावू देत नव्हते, त्याच्या मोहोर आलेल्या फांद्या मचाणासाठी तोडल्या गेल्या. घोडी उभ्या जोंधळ्यात शिरली. खानसाम्यानं विहिरीच्या काठावर कोंबड्यांची पिसं उडवली. गुरम्मांनी त्या विहिरीचं पाणी बंद केलं, नवऱ्याशी बोलणंही बंद केलं, आणि शेजारच्या चन्नम्माच्या विहिरीवरून घागरी आणताना वाटेत प्रत्येकाला थांबवून कारण सांगितलं. आमिषाला कोकरू मायाक्काकडं मागायला माणूस आला, तर ती म्हणाली, "माजी मेंढी तर वाघरानं न्हेली. आता ज्याच्या रानात वाघरू त्याचं जित्राब बांधा." साहेबाला ते पटलं. पाटलाचं वासरू बांधायचं ठरलं. पाटलांनी मान खाली घालून बाजारातून बकरा आणवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बकऱ्याची दोरी हातात धरली.

पण वाघरापेक्षा लहान जनावरं जास्त कामाची ठरली. जिथं मेंढरं रात्री बसतात तिथं मागं नुसतं खत राहत नाही. पिसवा राहतात, गोचीड राहतात, आणि मेंढरं गेली म्हणजे त्यांना भूक लागते. पहिल्या दिवशी पाहुणे मांडी खाजवू लागले. दुसऱ्या दिवशी मडम खुर्चीवर पाय वर घेऊन बसली ती उतरेना. साहेब मचाणावर हालचाल न करता बसायचा म्हणून दात खाऊन बसे, आणि वाघरू येईना. तिसऱ्या दिवशी दुपारी गाड्या भरल्या गेल्या. साहेबानं जाताना पाटलांना जे काही सुनावलं ते अंबादासरावांनी मराठीत सांगितलं नाही. म्हणाले, भाषांतर होत नाही.

मायाक्काची मेंढरं त्याच संध्याकाळी डोहावर परत आली. पाण्यात पाय घालून उभी राहून, गुडघाभर, हवं तेवढं प्याली. बनाबाईकडची मेंढीही आली, तिच्यामागं कोकरू उड्या मारत.

दुसऱ्या दिवशी अंबादासराव तट्टावरून डोहावर आले. या खेपेला खाली उतरले, कारण खोगिरावर बसवत नव्हतं. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. त्यांनी कोकरू बघितलं, मेंढी बघितली. तेवढं कळण्याइतके ते शहाणे होते.

"बाई," ते म्हणाले, "साहेब पुढच्या मुक्कामावर आहेत. फार चिडलेत. विचारतात, वाघ गेला कुठं? उत्तर घेऊनच ये म्हणालेत. उत्तर नाही नेलं तर माझी बदली. काहीतरी सांग."

"सांगते की," मायाक्का म्हणाली. "पर आदी माजं एक काम करा. ती पाटी वाचून दावा. म्या कधी ऐकली न्हाय नीट."

अंबादासराव डोहाजवळच्या त्या पाटीपर्यंत लंगडत गेले आणि वाचू लागले. कुणी माणसानं या रानात मुक्काम करू नये. कुणी जाळ पेटवू नये. कुणी जनावर आत घालू नये.

"हितं सरकारनं लिवलंय, कुणी माणसानं," मायाक्का म्हणाली. "मग साहेब त्यात येतो का न्हाय?"

अंबादासरावांनी मान खाजवली. "अगं, तो नियम निराळा..."

"निराळा कुटं लिवलाय? वाचून दावा. हितं दुसरी वळ हाय का, साहेब सोडून म्हणून?"

"नाही."

"साहेबाचं घोडं जनावरात येतंय का न्हाय? त्येची चूल जाळात येती का न्हाय? आमी धा पावलं आत गेलो तर दंड, आन् त्यो चार दिस माज्या पाण्यावर पाय पसरून झोपला त्येचा दंड कोण घेतंय?"

"मला काय विचारतेस, बाई? मी कारकून."

"मग ज्येनं लिवलंय त्येला इचारून या. वरचा असंल, तर वरच्याला. त्येच्या वरचा असंल, तर त्येला." मायाक्का डोहाच्या काठावर दगडावर बसली आणि कोकरू मांडीवर घेतलं. हरिबा शेजारी पान जुळवत होता, त्यानंही मान हलवली. "वाघरू कुटं गेलं, त्ये मला म्हायती हाय. पत्ता सांगते. डाग सुद्दा दावते. पर आदी तुमी माज्या इचारण्याचं उत्तर आणा. म्या हितंच बसलीय, कुटं जात न्हाय. सांगा, रावसाहेब. त्या पाटीवरच्या माणसात साहेब येतो, का न्हाय?"